डोक्यावर उभे डबे

डबा डाव्या हातात घ्यायचा आणि अंगठा त्याच्या पोटावर दाबायचा. दबला तर ठीक. उलट अंगठ्यालाच ढकलायला लागला तर बाजूला. मग कैचीने वरचा कोपरा छाटायचा, नाकाशी न्यायचा, टाकीत ओतायचा. रिकामा कागद मागच्या पोत्यात. एका डब्याला एक श्वास, एवढाच वेळ. हे काम मी तीन हंगाम केलं आणि अजूनही बाजारात रसाचा डबा हातात आला की अंगठा आपोआप पोटावर जातो. दुकानदाराला वाटतं मी माल खराब करते आहे.

संत्र्याच्या रसाचे हे कागदी डबे तेव्हा नागपुरात नवे होते. मुठीत मावणारे, चौकोनी, बाजूला नळी चिकटवलेली. मुलांना वाटायचं, आत काहीतरी विलायती आहे. आत आपलीच काटोल-सावनेरकडची संत्री असायची. कामठी रोडवरच्या एका कारखान्यात हे डबे भरले जायचे. मी तिथे डबे भरायला नव्हते, फोडायला होते. कोणाला सांगितलं की हसायचे. भरलेला डबा फोडायला बाई ठेवतात?

ठेवतात, कारण भरणारं यंत्र चुका करतं. एखाद्या डब्यात रस कमी पडतो, एखाद्याचं तोंड वाकडं चिकटतं, एखाद्याचा कोपरा दबतो. असा डबा विकता येत नाही, पण आतला रस चांगला असतो. तो काढून घ्यायचा, पुन्हा गरम करायचा, पुन्हा भरायचा. आम्ही सहा बायका एका लांब स्टीलच्या टेबलाशी बसून हेच करायचो.

दुसरा माल यायचा तो थांबवलेल्या मालाच्या खोलीतून. भरलेला प्रत्येक घाणा दहा दिवस एका उबदार खोलीत ठेवत. आत काही बिघडलं असेल तर तेवढ्यात डबा फुगतो. दहा दिवसांनी त्या खोलीतल्या बायका एकेक डबा दाबून पाहत. फुगलेले तिथेच फेकत, चांगले बाजारात जात. वाकडेतिकडे, चेपलेले आमच्याकडे येत. त्यांतल्या ज्याच्याबद्दल अंगठ्याला शंका आली, तो डबा आमच्याकडे येणाऱ्या क्रेटमध्ये डोक्यावर उभा करत. डोक्यावर उभा डबा म्हणजे संशय. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. निम्म्या बायकांना लिहिता येत नव्हतं, म्हणून तर ही पद्धत पडली होती. असे उलटे डबे आम्ही टाकीत ओतत नसू. आधी वेगळ्या बादलीवर फोडायचे, नीट हुंगायचे. चांगला निघाला तर टाकीत, आंबलेला निघाला तर मोरीत. बरेचसे चांगलेच निघत. अंगठा जरा भित्रा असतो. पण आंबलेला एक डबा टाकीत गेला तर टाकीभर रस नासतो, आणि गरम करूनही ती चव जात नाही.

म्हणून टेबलावर नाकाचे नियम कडक होते. केसांत गजरा नाही, वासाचं तेल नाही, जेवणाच्या डब्यात कांदा नाही. खर्रा, म्हणजे घासलेली सुपारी-तंबाखू, तर नाहीच. माझ्या रांगेत कन्हानहून येणारी एक मावशी होती, पन्नाशी उलटलेली, तीस वर्षं खर्रा खाणारी. ती सकाळी आपली पुडी गेटवरच्या चौकीदाराजवळ ठेवायची, दहा वेळा चुळा भरायची आणि मग आत यायची. संध्याकाळी पुडी हातात पडेपर्यंत तिचा जबडा नुसताच हलत राहायचा. आणि तरी कधी तिच्या तोंडाला जरासाही वास राहिला असला तर मीच सांगायची, "मावशी, पुन्हा चूळ भरून या."

"बाप्पा! हिचं नाक हाय का पोलीस हाय?" ती म्हणायची आणि उठून जायची.

माझं नाक खरंच तसं होतं. पहिल्याच हंगामात मी एक टाकी थांबवली होती. सगळ्यांना रस चांगला वाटत होता, मला नव्हता. संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांनाच वाटेनासा झाला. तेव्हापासून पुण्याहून आलेले मॅनेजर साहेब माझ्या माघारी मला "नाक" म्हणत. "जरा नाकाला पाठवा," असा निरोप यायचा. मला त्याचं वाईट वाटत नसे. कारखान्यात प्रत्येकाला काहीतरी म्हणतातच.

दुसरा हंगाम संपल्यावर, पावसाळ्यात, माझा नवरा गेला. खापरखेड्याला ठेकेदाराकडे वेल्डर होता. लोक विचारत, कामावर काही झालं का. काही झालं नाही. घरी, सकाळी, दाढी करता करता खाली बसला आणि उठला नाही. मे ते सप्टेंबर कारखाना बंद असतो, त्यामुळे मला रजा मागावी लागली नाही.

त्याच महिन्यात मला ताप आला. नऊ दिवस होता. ताप उतरला तेव्हा मी उठून घरकामाला लागले. एके सकाळी गॅसवर दूध ठेवून भाजी निवडत बसले होते. मुलगी बाहेरून आली आणि दारातूनच ओरडली, "आई, दूध करपलं! घरभर वास सुटला आहे, तुला येत नाही?"

"लक्ष नव्हतं," मी म्हटलं.

ती कॉलेजला गेल्यावर मी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. मग रॉकेलचा कॅन. मग कपाटातून नवऱ्याचा शर्ट काढला. तो मी मुद्दाम धुतला नव्हता. नाकाशी नेला. कापड होतं, दुसरं काही नाही. मग तो धुतला, वाळत घातला आणि दोन दिवसांनी शेजारच्या घरी कामाला येणाऱ्या माणसाला देऊन टाकला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं. म्हणाले, "तापानंतर होतं असं. येईल परत. नाही तर नाही येणार." एवढं सरळ उत्तर मला दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरने दिलेलं नाही. मी त्यांचे आभार मानले.

ऑक्टोबरमध्ये कारखाना सुरू झाला आणि मी टेबलाशी जाऊन बसले. कोणाला काही सांगितलं नाही. दाबणं, कापणं, ओतणं कोणालाही येतं. नाक होतं म्हणून मी होते. मुलगी बारावीला होती, तिला पुढे बी.एस्सी. करायचं होतं, आणि घरात आता कमावणारी मी एकटी. यात विचार करण्यासारखं फारसं नव्हतं. लोक म्हणायचे, तू किती धीराची. मला धीर वगैरे लागत नव्हता. आत काही हलतच नव्हतं. लिमलेटची गोळी खाल्ली तर गोड लागायची, पण ती लिंबाची आहे हे रंगावरून कळायचं. सगळे दिवस तसेच होते.

अंगठा शाबूत होता आणि कान शाबूत होते. आंबलेला डबा कापताना कैचीखाली बारीक फुस्स करतो. मी तो आवाज ऐकून काम चालवायला लागले. डबा नाकाशी मात्र नेत राहिले, हात थांबला तर दिसलं असतं. कन्हानची मावशी त्या हंगामात जागा बदलून माझ्या उजव्या हाताला येऊन बसली. म्हणे, खिडकीचा उजेड बरा पडतो. आणि माझ्याकडचे उलटे डबे स्वतःकडे ओढायला लागली.

"उलटे इकडे सरकव वं. तुह्या हाताले बरकत हाय, तू सरळवाले कर."

उलट्या डब्यांना वेळ लागतो. मला वाटलं, म्हातारी काम चुकवायची युक्ती करते आहे. मला सोयीचंच होतं. मी सरकवत राहिले.

जानेवारीच्या शेवटी मशीन आलं.

ट्रकमधून उतरवताना ते फार मोठं वाटलं नव्हतं, उभं केल्यावर वाटलं. एक पट्टा, त्यावरून डबे चढत जायचे. वर एक पिंप, आत फिरणारी पाती. पाती डबा फाडायची, खालचा दट्ट्या कागद दाबून पिळायचा, रस जाळीतून गळून टाकीत आणि कागदाचा लगदा पलीकडच्या तोंडातून बाहेर. त्याच्याबरोबर एक इंजिनिअर आला होता, तरुण, हातात सतत स्क्रू-ड्रायव्हर. आम्हा सहाजणींना चाचणी पाहायला उभं केलं. आमचं सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंतचं काम मशीनने चहा थंड व्हायच्या आत केलं.

"हा त रसवंतीचा चरखा हाय," मावशी म्हणाली. "फक्त घुंगरू बांधाचे राहिले."

इंजिनिअर हसला. "मावशी, आता तुमचे हात मोकळे झाले."

"मोकळे म्हणजे घरी का?"

त्याचं उत्तर साहेबांकडे होतं. चारजणी पॅकिंगला, एक थांबवलेल्या मालाच्या खोलीत, सगळ्या हंगामी. मला त्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"मशीनला सगळं येतं, बाई, पण नाक नाही," ते म्हणाले. "टाकी भरली की तुम्ही हुंगायची. रजिस्टरमध्ये लिहायचं, सही करायची. तुमची सही झाल्याशिवाय रस पुढे जाणार नाही. मी वरती लिहितो, तुम्हाला कायम करून घेऊ."

कायम बाईला कारखाना बंद असतानाही, मे ते सप्टेंबर, घरी बसवत नाहीत; धुण्यापुसण्याचं काम देतात आणि पगार चालू राहतो. मी हो म्हटलं. विचार करायला वेळ लागला नाही, कारण मी तो केला नाही.

मग पुढचे काही आठवडे मी काय करत होते ते सांगते. सकाळी सगळ्यांच्या आधी जायची आणि मशीनजवळ लावलेल्या क्रेटमधून उलटे डबे उचलून काढायची. त्या खोलीतल्या बायका सवयीने डबे उलटे करतच होत्या; टेबल उठलं तरी त्यांना वेगळं कोणी काही सांगितलं नव्हतं. टेबलावर आम्ही ते उघडून हुंगत असू. मी हुंगू शकत नव्हते, म्हणून सगळेच्या सगळे मोरीत ओतायची. त्यांत कितीतरी चांगले गेले असतील. पण मग टाकीत जे जाई ते निर्धोक असे, आणि मी टाकीत ओगराळं बुडवून नाकाशी धरायची, दोन श्वास घ्यायची आणि रजिस्टरमध्ये "ठीक" लिहून सही करायची. कोणी खोटं पकडू शकलं नसतं, कारण रस खरंच ठीक असे. मला ही व्यवस्था चांगली वाटत होती.

पट्ट्यावर डबे लावायला एक हमाल होता, चाळिशीचा, कामाला खरा, बोलायला कमी. मशीन मध्येच अडकायला लागलं तेव्हा इंजिनिअरने शोधून काढलं की डबे एका दिशेने लागत नाहीत, काही आडवे जातात. त्याने मला सांगितलं, मी हमालाला सांगितलं.

"सगळे सरळ करून लावत जा. एका तोंडाने."

"हो, ताई."

हे बोलताना माझ्या डोक्यात उलटे डबे आलेच नाहीत. मी ते आधीच काढून घेत होते ना. हमालाला कशाला माहीत असायला पाहिजे? एवढ्या साध्या गोष्टीचा विचार मी एरवी केला असता. त्या वर्षी मला जे समोर असेल तेवढंच दिसत होतं.

मार्चमध्ये एके सकाळी पोहोचले तर गेटवरच निरोप, आधी ऑफिसमध्ये या. कायम करण्याचे कागद आले होते. साहेब म्हणाले, तीन ठिकाणी सही करा, जन्मतारखेचा दाखला आणला का, फोटो आणला का. कारकुनाला शाईचा पॅड सापडत नव्हता. अर्धा तास गेला. तेवढ्यात खालून मशीनचा आवाज सुरू झाला. मी सही करत होते. ऐकला आणि सही पूर्ण केली.

खाली गेले तेव्हा टाकी भरत आली होती. क्रेट रिकामे, एकावर एक रचलेले.

"यातले उलटे कुठे आहेत?" मी हमालाला विचारलं.

"उलटे?" तो म्हणाला. "सरळ केले न ताई. आज भल्ले उलटे होते. तुमीच त सांगतलं, मशीनवर सगळे सरळ पाह्यजे."

"आणि सगळे घातले?"

"घातले न. एक नाही अडकला."

इतका नीट काम करणारा माणूस मी कमी पाहिला आहे. एकेक संशय त्याने हाताने सरळ करून ठेवला होता.

इंजिनिअर टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हला हात लावून उभा होता. पलीकडे रस गरम करायचं यंत्र तापून तयार होतं. "बाई, हुंगा आणि सोडा," तो म्हणाला. "लाइन थांबली आहे."

मी ओगराळं बुडवलं. नाकाशी नेलं. ओला गारवा आला, माठातल्या पाण्याचा येतो तसा. पुन्हा घेतला. तोच. जिभेवर थेंब घेतला. गोड, आंबट. संत्रं आंबटच असतं. कदाचित जिभेच्या टोकाला जरा टोचल्यासारखं झालं, कदाचित मला ते व्हायला हवं होतं. नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मला भीती वाटली नाही. वाटली असती तर बरं झालं असतं असं वाटून गेलं. रजिस्टर उघडं होतं, पेन मध्ये ठेवलेलं. वर ऑफिसमध्ये माझ्या तीन सह्यांची शाई वाळत होती.

चौथी केली असती तर काय झालं असतं, हे मला सांगता येतं. रस चांगला असता तर काहीच नाही. वाईट असता तर दहा दिवसांनी त्या खोलीत डबे फुगले असते, आणि खोलीतल्या अंगठ्यांतून जे निसटले असते ते कुठल्यातरी बसस्टँडवर एखाद्या पोराने नळी लावून ओढले असते. मंगळवारी बाजाराच्या स्टॉपवर एक पोर रोज तसा डबा ओढताना मला दिसायचं. शेवटचा थेंबही सोडायचं नाही, डबा चपटा होईपर्यंत.

"थांबा जरा," मी इंजिनिअरला म्हटलं आणि पॅकिंगच्या हॉलमध्ये गेले.

बायका ओळीने बसून नळ्या चिकटवत होत्या. मावशी तिसरी होती.

"मावशी, जरा टाकी हुंगायला चला."

"मी? नाकवाली तू. तू हुंग न."

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"वास. मला वास येत नाही."

नळ्या चिकटवणारे हात थांबले. मावशीने हातातला डबा खाली ठेवला.

"ते मले मालूम हाय," ती म्हणाली. "पण तू ह्या साऱ्याइच्या समोर सांगून राहिली, त काहीतरी झालं असन. चाल."

चालता चालता मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तू ऑक्टोबरात आली न, तवाच. त्या दिवशी मी गेटवर खर्रा थुकला अन् बिना चुळीची आत आली. म्हटलं पाहू बाई काय म्हणते. तू काहीच नाही म्हटलं. तुह्यासारखी बाई अन् चूप? नवरा मेला म्हणून माणूस चूप राहते, पण नाक नाही राहत चूप."

"मग बोलला का नाहीत?"

"कायले? तू सांगतलं का?"

उजेड, बरकत आणि ओढून घेतलेले उलटे डबे, हे सगळं तेव्हा माझ्या ध्यानात आलं. टाकी आली होती.

मावशीने ओगराळं घेतलं, वरचा रस हुंगला. "वरून चांगला हाय." मग हमालाला म्हणाली, "खालून हालव गा जरा." त्याने लांब दांड्याने ढवळलं. तिने पुन्हा घेतलं, डोळे मिटले, लगेच उघडले. "आंबलं. ताकाचं मडकं दोन दिवस धुतलं नाही का कसं येते? तसं. थोडंसंच हाय, पण हाय."

इंजिनिअरने स्वतः हुंगलं. "मला तर संत्र्याचाच वास येतोय. एवढी टाकी मावशींच्या नाकावर सोडायची?"

"त तुमी प्या," मावशी म्हणाली. "गिलास आनू का?"

साहेब खाली आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमचं मत काय?"

"माझं मत नाही. मला आठ महिने वास येत नाही. यात संशयाचे डबे गेले आहेत, कारण मी हमालाला सरळ करायला सांगितलं आणि उलट्यांचं सांगितलं नाही. त्याची चूक नाही."

"आणि आजवरच्या टाक्या?"

"उलटे सगळे फेकून देत होते. म्हणून ठीक निघाल्या."

साहेबांनी एका बाटलीत रस भरून घेतला, बूच लावलं आणि म्हणाले, "सोडून द्या." इंजिनिअरने मोरीकडचा व्हॉल्व्ह उघडला. टाकी रिकामी व्हायला बराच वेळ लागला. कारखान्याचं अंगण पिवळं झालं आणि दुपारी माश्यांनी काळं. ती बाटली साहेबांनी खिडकीत ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तिचं बूच उडालं. सगळे म्हणाले, पाहा, मावशी खरी होती. मी त्याला पुरावा मानत नाही. नागपूरच्या मार्चमध्ये चांगल्या रसाचंही बूच उडालं असतं. मावशी खरी होती हे मी मानते, ते बाटलीमुळे नाही.

साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, "आधी सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." माझे कागद त्यांनी खणात ठेवले. पुढच्या आठवड्यात मावशीचे मागवले. जन्मतारखेचा दाखला तिच्याकडे नव्हता. तिने सांगितलं, मोठ्या पुराच्या साली जन्मली. कारकुनाने काहीतरी तारीख घातली. मी पॅकिंगला तिच्या जागेवर जाऊन बसले, तिसरी.

इंजिनिअरने मशीनवर एक पत्र्याची पाटी लावली: उलटे डबे पट्ट्यावर घालू नयेत. हमालाला वाचता येत नव्हतं. मी त्याला एक डबा डोक्यावर उभा करून दाखवला आणि मोरीकडे बोट केलं. त्यानंतर त्याच्या हातून एकही गेला नाही.

एक अडचण मात्र राहिली. रजिस्टरमध्ये लिहायला मावशीला येत नव्हतं. साहेबांना आधी हे सुचलंच नव्हतं. मग असं ठरलं की टाकी भरली की मला पॅकिंगमधून बोलवायचं. ती हुंगेल, मी लिहीन, ती खाली अंगठा लावेल. एप्रिलअखेर हंगाम संपला तशी मी घरी बसले आणि ती कामावर राहिली. मुलगी नर्सिंगला गेली, तिथे राहायची सोय होती. बी.एस्सी. राहून गेलं. चांगली नर्स झाली आहे.

ऑक्टोबरमध्ये मला परत बोलावलं, पॅकिंगला. पहिल्या टाकीला मी रजिस्टर घेऊन उभी राहिले. मावशीने ओगराळं नाकाशी नेलं.

"लिही," ती म्हणाली. "आज पानाचा वास येऊन राहिला. फांदी वाकवून फळ तोडतो न, तवा बोटाले लागते, तो. अन् थोडासा सालीचा. कडू नाही, कोवळा."

मी "ठीक" लिहिलं.

ती रजिस्टरमध्ये डोकावली. वाचता येत नसलं तरी शब्द किती आहेत ते दिसतं. "येवढंच?"

"रकाना एवढाच आहे, मावशी."

"मी त किती सांगतलं."

"ऐकलं मी."

पुढचे दोन हंगाम ती तशीच सांगत राहिली. कधी ओल्या मातीचा, कधी नव्या कापडाचा, एकदा म्हणाली रामटेकच्या बसमध्ये कोणी संत्रं सोललं की सगळी बस मागे वळते, तसा. वास मला अजूनही आलेला नाही. मी दर वेळी तोच एक शब्द लिहायची आणि तिचा अंगठा पॅडवर टेकवून रकान्यात दाबायची. मग ती मशीनकडे वळायची आणि मी नळ्या चिकटवायला परत जायची.